उन्हाला कामाला लावणारे ओवरसेरसाहेब

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला मला न विचारता भोक पाडणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो शेजारच्याच खोल्यांत राहणारा आमचा घरमालक होता. लग्न होऊन टेंभुर्णीहून जालन्यात नुकतीच आले होते. चुलीवर पिठलं रटरटत होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि एकदम समोरच्या भिंतीतून, माझ्या डोक्याच्याही वर, पहारीचं टोक आत आलं! मी जी किंचाळले! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निवडायचे तांदूळ तसेच सांडून धावत आल्या. तोवर माती ढासळून विटेएवढं आभाळ दिसायला लागलं होतं, आणि त्या आभाळातून आवाज आला, "बेटी, घाबरू नक्को. मी बाहेरच हाय. धूर जातो का बघ अन् जल्दी सांग."

आत्याबाई कडाडल्या, "अवो, काय करून राह्यले तुमी? चुलीजवळ परक्या माणसाची पहार!"

"पहार आत आली माताजी, मी कुठं आलो?" बाहेरून उत्तर. "धुराचं बोला. धूर गेला का?"

आणि धूर, बाई, काय सांगू! रोज आढ्याखाली घुटमळणारा तो धूर जरासा थबकला, वाकला आणि शाळा सुटल्यावर पोरं पळतात तसा त्या भोकातून पळाला. मी पिठलं विसरले, आत्याबाईंना विसरले, नवी सून असल्याचं विसरले आणि मोठ्यानं ओरडले, "गेला! गेला बघा!"

"वाह!" बाहेर कुणीतरी टाळी वाजवली.

त्या दिवसापासून ते माझे ओवरसेरसाहेब झाले.

तसे ते अख्ख्या जालन्याचेच ओवरसेरसाहेब होते. नाव कुणी घ्यायचं नाही, मीही घेत नाही. निजामाच्या सरकारात बांधकामावर ओव्हरसियर असताना त्यांनी रस्ते बांधले, पूल बांधले, कचेऱ्या बांधल्या. उंच, काटकुळे, पांढरी दाढी. शेरवानी वैशाखातही अंगात. आणि त्या शेरवानीच्या वरच्या काजाला एक दोरा बांधलेला, दोऱ्याच्या टोकाला रुईचा पुंजका, एवढासा, शेवग्याच्या फुलासारखा. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की सलाम मागून. आधी हनुवटी खाली करून पुंजक्याकडं बघायचं. तो हलला तर चेहरा खुलायचा. नाही हलला तर यजमानाला विचारायचे, "मियाँ, तुमच्या घरातून हवा जाते कुठून?"

माणूस म्हणायचा, "साहेब, हवा येते की. ही बघा केवढी खिडकी."

"येते कुठून ते न्हाई विचारलं. जाते कुठून? हवा मेहमान हाय. जायचा दरवाजा दिसला तरच ती आत पाऊल टाकते."

मय्यतीच्या घरी भेटायला गेले तरी हेच. चार शब्द सांत्वनाचे बोलायचे, आणि उठता उठता मागची खिडकी उघडून यायचे. एकदा मुलांच्या शाळेत परीक्षा चालू असताना आत शिरले आणि समोरासमोरच्या दोन्ही झडपा उघडल्या. सगळे पेपर उडून अंगणात! मास्तर गोळा करत पळताहेत, पोरं दुवा देताहेत, आणि हे मधोमध उभे, पुंजक्याकडं बघत खूश.

त्यांच्या बायकोला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. गोऱ्यापान, गोल, हसऱ्या. त्या म्हणायच्या, "निकाहच्या दिवशी यांनी माझा चेहरा मागून पाह्यला. पहिले खोलीची खिडकी पाह्यली." आणि साहेबांची बाज कधी एका जागी राहायची नाही. सकाळी ओसरीत, दुपारी जिन्याखाली, संध्याकाळी गच्चीवर. खाला म्हणायच्या, "मला नवरा हुडकायचा असला तर मी माणूस न्हाई हुडकत, वारा हुडकते."

हे वेड त्यांना लागलं कसं, त्याची कहाणी एकच, शेवट मात्र दोन. कचेरीत त्या काळी छताला लांबलचक कापडी पंखा टांगलेला असायचा आणि त्याची दोरी व्हरांड्यात बसलेला माणूस दिवसभर ओढायचा. आत साहेब गार, बाहेर हा घामानं निथळतोय. एका वैशाखात आमच्या ओवरसेरसाहेबांनी त्या माणसाला उठवलं, आत नेऊन आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दोरी ओढत बसले. कुणी म्हणतं वरच्या अधिकाऱ्यानं ते पाहिलं म्हणून नोकरी गेली. कुणी म्हणतं यांनीच सोडली. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "हाताला फोड आले बेटी. मंग डोकं चालायला लागलं."

आणि पुढं म्हणाले, "आत एक जण थंड व्हावा म्हणून बाहेर एक जण भाजतो. गर्मी गेली कुठं? इकडची तिकडं ढकलली फक्त!"

हे वाक्य मला परवा आठवलं हो! नातू त्याचं हापीस दाखवायला घेऊन गेला. केवढी उंच इमारत, मान मोडेस्तोवर. सगळी काचेची. आत असा गारठा की मी पदर कानावरून घेतला. मी म्हटलं, "खिडकी उघड रे जरा, वरून गाव बघू." तो हसायला लागला. "आजी, इथली खिडकी उघडतच नाही." उघडत नाही? मग तिला खिडकी का म्हणायचं? आणि खाली उतरलो तर मागच्या अंगाला ओळीनं यंत्रं लावलेली, भडाभडा गरम वाफ बाहेर फेकताहेत. तिथंच स्टुलावर वॉचमन बसलेला, मानेवरून घाम पुसत. मी जागच्या जागी उभी राहिले. दोरी नाही, पण माणूस तोच, जागाही तीच! नातू म्हणाला, काय झालं आजी. मी म्हटलं, काही नाही रे, एका माणसाची आठवण झाली.

तर मूळ गोष्ट शेठजींच्या पेढीची.

आमचे हे, म्हणजे माझे मालक, ज्या जिनिंगच्या कारखान्यात कारकून होते त्याच्या शेठजींनी नवी पेढी बांधायचं ठरवलं. साधीसुधी नाही, तीन मजली! अख्ख्या जालन्यात तेवढं उंच हापीस नव्हतं. लोक म्हणायचे, वरच्या मजल्यावर बसणारा कारकून उन्हाळ्यात पापडासारखा भाजून निघेल. शेठजींनाही तीच धास्ती. आणि ओवरसेरसाहेबांनी आपणहून जाऊन सांगितलं, "इमारत मी बांधतो. पंखा लागणार न्हाई. कापडाचाबी न्हाई अन् बिजलीचाबी न्हाई."

त्यांनी काय केलं, तर इमारतीच्या पोटात आड काढला! म्हणजे तळमजल्याच्या छताला मधोमध एक मोठं चौकोनी भगदाड, त्याच्यावर बरोबर तसंच दुसऱ्या मजल्यावर, तसंच तिसऱ्यावर, भोवती लाकडी कठडे. गच्चीवर त्या आडाच्या तोंडाशी पत्र्याचा उंच मनोरा, त्याला चहूबाजूंनी झडपा. आणि तो मनोरा बाहेरून डांबरानं काळाकुट्ट रंगवला. खाली उत्तरेच्या अंगाला, सावलीत, बुटक्या बुटक्या खिडक्या, त्यांना ओल्या वाळ्याच्या ताट्या.

गाव हसून हसून बेजार. शेठजींच्या पेढीला काळं फासलं म्हणे! शेठजी स्वतः कावले. आमचे हे तिथंच होते, त्यांनी घरी येऊन सगळं नकलेसकट सांगितलं. शेठजी म्हणाले, "साहेब, आधीच ऊन. त्यात काळा पत्रा. जास्ती तापेल!"

"तापू द्या! तापायलाच तर ठेवलाय. पत्रा तापला की आतली हवा तापते, तापली की वर पळते, वर पळाली की तिची जागा भरायला खालून थंडी हवा येते. जितकं ऊन कडक, तितका वारा जास्ती. शेठजी, मी उन्हाला नोकरीला ठेवलंय. पगार नक्को, सुट्टी नक्को. दुपारी तर जादा काम करतं बिचारं!"

मला हे इतकं आवडलं! मी रोज ह्यांना विचारायची, आज आड कुठवर आला, आज मनोऱ्याला झडपा बसल्या का. ह्यांना वाटायचं बायकोला नवऱ्याच्या नोकरीचं कौतुक आहे. साहेब तर ओसरीत बसून मला विटकरी मांडून दाखवायचे. मध्ये पणती ठेवायची, वर उदबत्ती धरायची, धूर सरळ वर! "हा उलटा आड, बेटी. पाण्याच्या आडाला पोहरा लागतो. ह्याला फक्त ऊन लागतं. अन् तोंड उघडं लागतं. तोंड बंद, तर आड मेला."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पेढीची वास्तुशांत वैशाखात, भर दुपारच्या जेवणाची. त्या सकाळी हे टोपी घालता घालता म्हणाले, "आज साहेबांचं कठीण हाय. शेठजी म्हणाले, सगळे पाव्हणे पेढीत बसल्यावर गार वाटलं तर ठीक. न्हाई वाटलं तर आड फरशी टाकून बुजवायचा, वरचा मनोरा काढून टाकायचा अन् बिजलीचे पंखे आणायचे. पंखेवाला हैदराबादहून कालच आल्ता. नमुन्याचा पंखा पोटाशी धरून हिंडून राह्यला."

"अन् साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणाले, बराबर हाय. आड बुजला तर पुन्हा वीट हातात घेणार न्हाई."

हे काय बोलणं झालं? ज्या माणसाला बाज कुठं टाकायची ते सुद्धा वारा सांगतो, त्यानं विटा सोडल्या तर उरलं काय त्याचं?

दुपारी मी, आत्याबाई आणि खाला मागच्या जिन्यानं वर गेलो. पुरुषांची बैठक तळमजल्यावर, बायकांची सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता आड दिसेल, आता वारा लागेल! वर पोचले आणि बघते तर काय, भट्टी! खिडक्यांवर जाड पडदे. बायका पदरानं वारा घेताहेत, पोरं रडताहेत. मधोमध कठडा दिसला, पण आड कुठाय? कठड्याला चारी बाजूंनी दोरीनं ताणून बांधलेली एक भलीमोठी लाल सतरंजी!

शेजारच्या बाईला विचारलं, "ही सतरंजी कशाला?"

"अगं, खाली मर्द बसलेत न्हाई का. वर बघितलं तर समदं दिसतंय. माजींनी बांधायला लावली."

माजी म्हणजे शेठजींच्या आई. सुरकुतलेल्या, ठेंगण्या, हातात काठी, आणि धाक असा की साठीचा शेठजी त्यांच्यापुढं मान वर करायचा नाही.

तेवढ्यात सतरंजीच्या खालून साहेबांचा आवाज आला. दबलेला, पण ओळखता येण्याजोगा. "हवा कुठं गेली? अरे, सकाळी तर होती! ताट्यांवर पाणी टाका. ती खिडकी उघडा. पुंजका… पुंजका हलत न्हाई!"

खाली हशा पिकला. "साहेब, तुमचा पुंजका जेवून झोपला वाटतं!"

मग शेठजी. "साहेब, आम्ही लई वाट पाह्यली. पाव्हणे भिजून गेले. आता तुम्हीच सांगा."

आणि तो हैदराबादचा माणूस, अगदी लोण्यासारखा आवाज, "शेठजी, आमच्यात फक्त एक बटन दाबायचं असतं."

"वरून अडलंय का बघतो," साहेब म्हणाले असतील नसतील तोच चार जणांनी त्यांना गप्प केलं, "वर बघू नका साहेब! वर जनाना हाय!"

"माफ करा, माफ करा. न्हाई बघत."

खालांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते. "हे वर बघणार न्हाईत. अदबीचे लई पक्के. आड बुजला तरी बघणार न्हाईत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिचाऱ्यानं सगळ्या जालन्याच्या खिडक्या तपासल्या, आणि आज जिथं बघायचं तिथंच बघायची सोय नव्हती! खालून कुणाला बघता येत नव्हतं, वर कुणाला कळत नव्हतं. तोंड बंद, तर आड मेला.

मी उठले. आत्याबाईंनी पदर ओढला, "बस खाली. कारकुनाची बायको तू. माजींपुढं बोलशील?"

मी बोलले. "माजी, ही सतरंजी सोडायला पायजे. हिच्यानं वारा कोंडलाय."

माजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सतरंजीनं वारा कोंडतो? तू काय ओवरसेर हायेस का गं?"

"मी त्यांची भाडेकरू हाय," मी म्हटलं. काय उत्तर होतं ते, मला अजून हसू येतं. पण स्वागताच्या तबकात उदबत्ती पेटलेली होती. मी ती उचलली, कठड्याशी नेली. धूर सतरंजीवर लोळत बसला, सुस्त म्हशीसारखा. मग एका कोपऱ्याची गाठ सोडली आणि सतरंजी वीतभर वर उचलली. खालून भस्सकन गरम वाफ आली, आणि उदबत्तीचा धूर सणसणत मनोऱ्याकडं वर गेला! माजींचा पदर डोक्यावरून उडाला.

"अगं बाई, चुलीचं तोंड उघडलंस का?" माजी ओरडल्या.

"आधी कोंडलेलं निघून जाईल माजी. मंग थंडी येईल. साहेबांनी सांगितलंय."

माजींना धूर वर जाताना दिसला होता. बाई हुशार. पण अडचण तिथंच. "अन् खालचे मर्द मान वर करतील त्याचं काय?"

"मंग त्यांना डोळे मिटायला सांगा की! तुमच्या शब्दाबाहेर कोण हाय?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. माजींच्या तोंडावर एक असं हसू आलं की त्या मला एकदम माझ्या वयाच्या वाटल्या. त्यांनी काठी फरशीवर आपटली आणि कोपऱ्यातल्या फटीतून खाली हाळी दिली, "अरे छोरा!"

खालून साठीच्या शेठजींचा आवाज आला, "जी, माजी."

"सगळ्या मर्दांनी भिंतीकडं तोंड करून उभं राह्यचं. डोळे मिटायचे. आम्ही सतरंजी सोडून राह्यलो."

आता साहेब. "माजी, काय सोडता? वर काय बांधलंय?"

"आडावर सतरंजी बांधलीय."

मग खालून असा आवाज आला की तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मला आजपर्यंत सांगता येत नाही. "या अल्ला! आडावर सतरंजी!" आणि मग गर्जना, "मिटा! डोळे मिटा सगळे! बिलकुल मिटा! पंखेवाले, तुम्हीसुद्धा!"

आम्ही बायकांनी गाठी सोडल्या. माजींनी स्वतः एक सोडली. सतरंजी ओढून घेतली आणि कोंडलेली सगळी गर्मी एकदम वर उसळली, मनोऱ्याच्या झडपा खडखडल्या. आणि मग, बायांनो, मग तो आला! आधी खिडक्यांचे जाड पडदे आत फुगले, शिडासारखे. मग घामेजल्या मानेवर गार बोट फिरवावं तसा. मग पदर, झिपऱ्या, पत्रावळी, सगळं हलायला लागलं. वाळ्याचा वास तीन मजले चढून आमच्यापर्यंत आला. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणतंय, आणि तेच ऊन आमच्यासाठी वारा ओढतंय! पोरं रडायची थांबली. आत्याबाई म्हणाल्या, "अगो बया!" बस्स, एवढंच.

आणि आम्ही कठड्यावरून खाली बघितलं. उभ्या आयुष्यात बघितलं नसेल असं! जालन्यातले सगळे अडते, व्यापारी, कारकून, वकील, शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला नाक लावून उभे. उपरणी फडफडताहेत, टोप्या हातानं दाबून धरल्यात. शेठजी डोळे मिटूनच विचारताहेत, "कुणी पंखा चालू केला?"

आणि कोपऱ्यातून पंखेवाला, पोटाशी चाचपत, "माझा तर माझ्याजवळच हाय!"

आम्ही हसून हसून लोळलो. कुणी म्हटलं, "माजी, आता सांगा त्यांना, डोळे उघडा म्हणून."

माजी कठड्यावर कोपरं टेकून म्हणाल्या, "राहू दे गं. अजून थोडं राहू दे. आपल्याला असं बघायला कधी मिळतं?"

साहेब भिंतीकडं गेले नव्हते. ते बरोबर आडाखाली उभे होते, मान खाली, दोन्ही तळवे डोळ्यांवर गच्च. शेरवानीचे पदर दोन्ही बाजूंना उडत होते. सगळी खोली त्यांच्याभोवती हलत होती आणि ते एकटे निश्चल. फक्त ओठ हलत होते.

आड राहिला. मनोरा राहिला, काळाच राहिला. माजींनी कठड्याभोवती लाकडाची अशी बारीक जाळी करवून घेतली की वरून खालचं सगळं दिसावं आणि खालून वरचं काही दिसू नये. हैदराबादचा माणूस पंखा घेऊन परत गेला, जाताना साहेबांना मुजरा करून.

पण साहेबांची एक गंमत राहून गेली. ज्यासाठी सगळा जन्म घातला तो वारा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले! म्हणून मग ते मलाच विचारायचे. मी आत असेन तर स्वयंपाकघराच्या त्या भोकातून आवाज यायचा, "बेटी, फुरसत हाय का? सांग ना एकदा." किती वेळा विचारलं असेल त्यांनी! आणि मी सांगायची, दर वेळी जरा जास्तच रंगवून. पडदे कसे फुगले, माजींनी गाठ कशी सोडली, पंखेवाला काय म्हणाला. ते मध्ये मध्ये "मंग? मंग?" करायचे आणि शेवटी हमखास एकच प्रश्न.

"अन् पुंजका? पुंजका कुठं होता?"

"वर होता साहेब. दोरा ताठ, दाढीच्याही वर. तुम्ही वर बघितलं न्हाई, पण तुमचा पुंजका सारखा वर बायकांकडंच बघत होता."

एवढं म्हटलं की पलीकडून, पडद्याआडून, खालांचा आवाज यायचा, "बेशरम कुठला!"

आणि त्या विटेएवढ्या आभाळातून साहेबांचं हसू माझ्या चुलीपर्यंत यायचं.